घसाऱ्याची तरतूद

पेढीचा वार्षिक ताळेबंद तयार होताना त्यात एक रक्कम अशी असते, की ती कोणालाही रोख दिलेली नसते, तिची पावती नसते, तरीही ती खर्चाच्या बाजूला लिहिली जाते. ती रक्कम म्हणजे घसारा. दुकानातील कपाटे, वजनकाटा, संगणक, माल वाहणारी गाडी यांची वापरामुळे दरवर्षी थोडीथोडी झीज होते. ती झीज मान्य करून नफ्यातून तेवढी रक्कम वजा धरणे, हा हिशेबशास्त्राचा प्राथमिक नियम होय. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो ठाऊक असतो. मात्र त्याच दुकानाच्या गादीवर चाळीस-पन्नास वर्षे बसणाऱ्या माणसाच्या झिजेची तरतूद आपल्या व्यापारी घराण्यांच्या वहीत सहसा आढळत नाही.

आपल्याकडे दुकान बंद राहते ते लग्नकार्यासाठी, सुतकासाठी किंवा पर्वातील मोजक्या दिवशी. प्रवास घडतो तो तीर्थयात्रेचा, नाहीतर खरेदीचा. निव्वळ विश्रांतीसाठी दोन दिवस गावाबाहेर जाणे ही चैन समजली जाते, आणि चैन म्हटली की ती पुढच्या वर्षावर ढकलता येते. या महिन्याच्या लेखात अशाच एका शनिवार-रविवारची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहे. ठिकाण आहे हंगेरीची राजधानी बुडापेस्ट, आणि निमित्त आहे तेथील उष्णोदकाची स्नानगृहे.

आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त व्हिएन्नाला राहतात. पर्युषण आटोपल्यावर आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, तेव्हा थोरले बंधू आणि वहिनी यांनाही आग्रहाने सोबत नेले. अण्णांचे वय एकाहत्तर. तालुक्याच्या गावी वडिलांनी सुरू केलेले कापड दुकान ते वयाच्या बाविसाव्या वर्षापासून सांभाळीत आहेत. घरात एकाने शिकावे आणि एकाने दुकान पाहावे, असे वडिलांनी ठरवले. त्यामुळे मी एम. कॉम. होऊन बँकेत गेलो आणि अण्णा गादीवर बसले. मांडी घालून काढलेल्या इतक्या वर्षांचा हिशेब आता त्यांचे गुडघे मागत आहेत. नवरात्राच्या तोंडावर दुकान सोडायला ते मुळीच राजी नव्हते. पुतण्याने आणि वहिनींनी मिळून त्यांना विमानात बसवले, असे म्हटले तरी चालेल.

व्हिएन्नाहून बुडापेस्टला रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत पोहोचता येते. हंगेरी शेंगेन करारात असल्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. चलन मात्र युरो नसून फोरिंट आहे. रुपया आणि फोरिंट यांचा चालू दर ध्यानात ठेवला की बाजारात गोंधळ होत नाही. आम्ही शुक्रवारी सायंकाळी केलेटी स्थानकावर उतरलो. १८८४ मध्ये बांधलेले हे भव्य स्थानक पाहताना एका जुन्या साम्राज्याच्या वैभवाची कल्पना येते.

हे शहर मुळात एक नव्हते. डॅन्यूब नदीच्या पश्चिम तीरावर टेकड्यांवर वसलेले बुडा, त्याच्या उत्तरेचे ओबुदा आणि पूर्व तीरावरील सपाट भूमीवरचे व्यापारी पेस्ट, अशी तीन गावे १८७३ मध्ये एकत्र येऊन बुडापेस्ट झाले. गरम पाण्याचे रहस्य या भूरचनेतच आहे. बुडाच्या टेकड्या चुनखडी आणि डोलोमाइट या खडकांच्या आहेत. त्यांवर पडणारे पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते, खनिजे विरघळवून घेते आणि नदीच्या काठाने गेलेल्या भूस्तरभंगातून पुन्हा वर येते. असे शंभराहून अधिक झरे व विहिरी या शहरात आहेत. राजगृहीची यात्रा केलेल्यांना वैभारगिरीच्या पायथ्याची उष्ण कुंडे आठवतील. आपल्या महाराष्ट्रात वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडेही परिचित आहेत. निसर्गाची देणगी तीच. बुडापेस्टने तिच्याभोवती नगरव्यवस्था उभी केली, हे तेथील वैशिष्ट्य.

या पाण्याचा उपयोग रोमन लोकांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर केला. ओबुदा भागात त्यांच्या आक्विंकुम नगराचे अवशेष आजही पाहता येतात. पुढे १५४१ ते १६८६ या काळात बुडावर तुर्कांची सत्ता होती. त्यांनी सोळाव्या शतकात बांधलेले रुदाश स्नानगृह आजही चालू आहे. आठ खांबांवर पेललेला घुमट, त्याखाली अष्टकोनी कुंड आणि घुमटाच्या छिद्रांतून पाण्यावर पडणारे प्रकाशाचे कवडसे, असे त्याचे रूप आहे. राज्ये गेली, धर्म बदलले, भाषा बदलल्या. पण पाण्याजवळ जाण्याची लोकांची सवय मात्र टिकून राहिली.

शनिवारी सकाळी आम्ही सेचेनी स्नानगृहाकडे निघालो. तेथे नेणारी भुयारी रेल्वेही पाहण्यासारखी आहे. १८९६ मध्ये सुरू झालेला हा मार्ग युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत जुना भुयारी लोहमार्ग मानला जातो. जमिनीपासून थोड्याच पायऱ्या खाली, पांढऱ्या फरशांची छोटी स्थानके आणि पिवळे आखूड डबे. अण्णांनी पायऱ्या मोजल्या आणि गुडघ्यांच्या दृष्टीने ही रेल्वे उत्तम असल्याचा शेरा दिला.

सेचेनी स्नानगृह १९१३ मध्ये खुले झाले. पिवळ्या रंगाची, घुमटांची ती इमारत दुरून एखाद्या राजवाड्यासारखी दिसते. तिच्यामागची कहाणी मला अधिक भावली. व्हिल्मोश झिगमोंडी या खाण अभियंत्याने १८६८ मध्ये येथे कूपनलिका खोदण्यास प्रारंभ केला. पाणी लागले ते ९७० मीटर खोलीवर, आणि त्याला दहा वर्षे लागली. १८७८ मध्ये सुमारे ७४ अंश सेल्सिअसचे पाणी उसळून वर आले. दहा वर्षे जमीन खोदत राहायचे आणि वर काहीही दिसत नसताना पैसा पुरवत राहायचा, अशा प्रस्तावाला मंजुरी देताना आजचा कर्ज विभाग किती वेळा विचार करील, याची मला कल्पना आहे.

आत आणि बाहेर मिळून येथे अठरा कुंडे आहेत. तिकीट दहा हजार फोरिंटांहून अधिक पडते. ते दिल्यावर मनगटावर एक पट्टा बांधतात. त्याच पट्ट्याने कपड्यांचे कपाट उघडते व बंद होते. कपडे, घड्याळ, पाकीट, फोन सारे त्या कपाटात ठेवावे लागते. पाण्यात पोहण्याचा पोशाखच आवश्यक असल्याने वहिनी आणि सौ. यांनी कन्येसह शेजारच्या उद्यानात फिरणे पसंत केले. आत गेलो ते आम्ही दोघे आणि जावई.

फोन कपाटात ठेवताना अण्णा थबकले. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. नवरात्राआधीचा शनिवार, म्हणजे दुकानात उभे राहायला जागा नसणार. त्यांनी पुतण्याला एक फोन केला, मग आणखी एक केला आणि शेवटी फोन आत ठेवून कपाट लावले. मोबाइल आल्यापासून इतका वेळ फोनविना राहण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग असावा.

बाहेरच्या अंगणातील मोठ्या कुंडाचे पाणी ३८ अंशांच्या आसपास असते. हवेत सकाळचा गारवा होता आणि पाण्यावरून वाफेचे पडदे सरकत होते. आत उतरल्यावर पहिली काही मिनिटे अण्णा अवघडून उभे होते. नंतर काठाशी पाण्याखाली असलेल्या बाकावर बसले. पाणी छातीपर्यंत येते, शरीराचे वजन हलके होते आणि गुडघ्यांवरचा भार उतरतो. आमच्यापासून चार हातांवर दोन वृद्ध हंगेरियन गृहस्थ पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते. पट काठाच्या कठड्यावर मांडलेला. ते दृश्य सेचेनीची ओळखच झाले आहे. एकाने घोडा उचलला आणि तसाच हातात धरून तो पाच मिनिटे विचार करीत राहिला. दुसऱ्याला काहीच घाई नव्हती. अण्णा त्यांच्याकडे पाहत राहिले. "यांची दुकाने नाहीत काय?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर जावयांनी दिले. बुडापेस्टची मोठी स्नानगृहे महानगरपालिकेच्या मालकीच्या कंपनीमार्फत चालवली जातात. पर्यटकांची येथे गर्दी असते हे खरे, तथापि संधिवात, सांधेदुखी यांसाठी स्थानिक रहिवाशांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सामाजिक विम्याच्या साहाय्याने येथे उपचार घेता येतात. हा त्यांच्या नगरव्यवस्थेचाच एक भाग आहे. जसा दवाखाना, तशी ही कुंडे. म्हातारपणी गुडघे दुखणार, हे गृहीत धरून शहराने आधीच केलेली ही तरतूद आहे, असे मला वाटले.

अधूनमधून बाहेर येऊन, थोडे विसावून आम्ही दोन तासांनी कपडे बदलले. अण्णांनी प्रथम फोन काढला. त्यावर दुकानाचा एकही फोन आलेला नव्हता. त्यांनी तो दोनदा तपासला. नंतर स्वतःच पुतण्याला फोन लावला, तेव्हा तो गिऱ्हाइकात होता. "अण्णा, बस्ता चालू आहे, नंतर बोलतो," एवढे सांगून त्याने फोन ठेवला. वडिलांच्या अनुपस्थितीत त्याने बांधलेला हा पहिलाच लग्नाचा बस्ता. अण्णा त्यानंतर बराच वेळ बोलले नाहीत. त्यांना समाधान वाटले की वाईट वाटले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही. कदाचित दोन्ही वाटले असावे.

उद्यानात भेटल्यावर वहिनींचा पहिला प्रश्न पाण्याविषयी होता. पाणी गाळून आणि मोजून वापरण्याचा संस्कार त्यांच्या हाडीमाशी खिळलेला. एवढ्या पाण्याचे पुढे काय होते, असे त्यांनी विचारले. या विहिरींचे उष्ण पाणी शेजारच्या प्राणिसंग्रहालयालाही पुरवले जाते. तेथील पाणघोड्यांचे कुंड याच पाण्याचे आहे आणि काही इमारती हिवाळ्यात याच उष्णतेवर उबदार राखल्या जातात. वहिनींना पाणघोड्यांची व्यवस्था विशेष आवडली.

ज्यांचे नाव या स्नानगृहाला दिले आहे, त्या काउंट इश्तवान सेचेनी यांच्याविषयी चार शब्द लिहिणे माझ्यासारख्या बँकेच्या माणसाला आवश्यक वाटते. १७९१ मध्ये जन्मलेले हे मोठे जमीनदार. आपल्या जमिनीच्या सुधारणेसाठी त्यांनी व्हिएन्नातील एका पेढीकडे कर्ज मागितले आणि ते नाकारण्यात आले. कारण असे, की त्या काळच्या हंगेरियन कायद्यानुसार सरदार घराण्यांची वंशपरंपरागत जमीन विकता येत नसे. कर्ज बुडाल्यास सावकाराला ती ताब्यात घेता येत नसे. अर्थात अफाट जमीन असूनही तारण शून्य. या अनुभवातून सेचेनी यांनी १८३० मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'हितेल', आपल्या भाषेत 'पत'. हंगेरियन भाषेत 'हित' म्हणजे श्रद्धा, विश्वास. पत हा शब्द विश्वासाच्या पोटी जन्मतो, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगायला नको. सरदारांनी आपले विशेषाधिकार सोडल्याशिवाय देशाला पत मिळणार नाही, असे त्यांनी आपल्याच वर्गाला बजावले. जमिनीचे ते जुने बंधन १८४८ मध्ये रद्द झाले.

सेचेनी केवळ लिहून थांबले नाहीत. १८२५ मध्ये विज्ञान अकादमीच्या स्थापनेसाठी त्यांनी आपल्या जमिनींचे एक वर्षाचे उत्पन्न देऊ केले होते. बुडा व पेस्ट यांना जोडणाऱ्या पहिल्या कायमस्वरूपी पुलाचे, म्हणजे १८४९ मध्ये खुल्या झालेल्या साखळी पुलाचे, तेच प्रवर्तक होते. त्या पुलावरची जकात सर्वांनी भरावी, सरदारांनीही भरावी, असे ठरले. करमुक्त असलेल्या वर्गाने सामान्य माणसाच्या रांगेत उभे राहून पैसे मोजणे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

शनिवारी रात्री आम्ही त्याच पुलावरून चालत होतो. दिव्यांनी उजळलेले संसद भवन नदीत उतरल्यासारखे दिसत होते. दुकानाचा दिवसभराचा हिशेब एव्हाना फोनवर आला होता. बस्ता चांगला झाला होता. पुतण्याने किती सूट दिली, हे अण्णांनी विचारून घेतले. "मी असतो तर एवढे सोडले नसते," ते मला म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "पण ती मंडळी पुढच्या खेपेला त्याच्याकडेच येतील."

पुलाच्या मध्यावर थांबून त्यांनी अचानक विचारले, "तू बँकेतून निवृत्त झालास, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलेस?"

"साडेनऊला तयार होऊन बसलो होतो. मग हिने विचारले, कुठे निघालात?"

"मग?"

"मग कपडे बदलले आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेलो."

मला वाटले ते हसतील. ते हसले नाहीत. "तुला सरकारने तारीख दिली होती," ते म्हणाले. "मला कोणी तारीख देणार नाही. ती माझी मलाच घालावी लागेल."

रविवारी सकाळी जावयांनी लुकाच स्नानगृह सुचवले. सेचेनीच्या मानाने हे शांत, आणि स्थानिक लोकांच्या विशेष पसंतीचे. त्याच्या अंगणातील भिंतीवर संगमरवरी पाट्या बसवल्या आहेत. येथील पाण्याने बरे वाटलेल्या रुग्णांनी कृतज्ञतेने लावलेल्या त्या पाट्या निरनिराळ्या भाषांत आहेत. आपल्याकडे धर्मशाळेच्या भिंतीवर देणगीदारांची नावे असतात. येथे घेणाऱ्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. अण्णांनी त्या पाट्यांसमोर बराच वेळ काढला. त्या दिवशी त्यांनी फोन कपाटात ठेवण्यापूर्वी एकदाच पाहिला. रविवारी आमच्या गावचा बाजार असतो, हे लक्षात घेता ही प्रगती लहान नव्हती.

दुपारी माझ्या आवडीचे एक ठिकाण पाहिले. सबादशाग चौकात, म्हणजे स्वातंत्र्य चौकात, हंगेरीच्या राष्ट्रीय बँकेची १९०५ मधील भव्य इमारत आहे. जगातील सर्वांत भीषण चलनवाढीची नोंद याच देशाच्या नावावर आहे. दुसऱ्या महायुद्धात बुडापेस्टला वेढा पडला, डॅन्यूबवरील सारे पूल माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवले आणि उद्योगधंदे उद्ध्वस्त झाले. तेव्हाचे चलन होते पेंगो. जुलै १९४६ मध्ये किमती साधारण दर पंधरा तासांनी दुप्पट होत होत्या. सकाळी ठरलेला भाव दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकत नसे. वापरात आलेल्या सर्वांत मोठ्या नोटेचे मूल्य होते एकावर वीस शून्ये इतके पेंगो. १ ऑगस्ट १९४६ रोजी नवे चलन फोरिंट आले, तेव्हा एका फोरिंटसाठी चारावर एकोणतीस शून्ये इतके पेंगो, असा दर ठरला. रद्द झालेल्या नोटा रस्त्यावरून झाडूने लोटल्या जात असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. युद्धाच्या अखेरीस देशाबाहेर नेलेले राष्ट्रीय बँकेचे सुमारे तीस टन सोने अमेरिकी सैन्याच्या हाती लागले होते. ते त्याच ऑगस्टमध्ये परत आले आणि नव्या चलनाला आधार मिळाला.

ही माहिती ऐकून अण्णांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला, "आयुष्यभर ज्यांनी नोटा साठवल्या, त्यांचे काय झाले?" त्याचे उत्तर त्या झाडूच्या छायाचित्रातच आहे. बचतीची महती मी बँकेच्या खुर्चीवरून पस्तीस वर्षे सांगितली आणि आजही सांगतो. परंतु बचत म्हणजे पुढे ढकलणे नव्हे. पैसा पुढच्या वर्षासाठी ठेवता येतो, त्यावर व्याजही मिळते. गुडघे मात्र मुदत ठेवीत ठेवता येत नाहीत.

आता जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी काही व्यावहारिक सूचना. पोहण्याचा पोशाख, रबरी चपला आणि टॉवेल सोबत न्यावा. पोहण्याच्या कुंडात टोपी सक्तीची असते. उष्ण कुंडात एका वेळी वीस मिनिटांहून अधिक बसू नये; बाहेर येताना हळू उठावे आणि पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय उतरू नये. अण्णांनीही निघण्यापूर्वी तो घेतला होता. लहान मुलांसाठी वयाचे निर्बंध आहेत. रुदाशच्या तुर्की कुंडात पुरुषांचे आणि स्त्रियांचे वार वेगळे ठेवण्याची परंपरा आहे, म्हणून त्या वेळचे वेळापत्रक पाहूनच जावे. १९१८ मधील नामांकित गेलर्ट स्नानगृह २०२५ च्या शरदात मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झाले आहे. कार्यक्रम आखताना त्याची चौकशी करावी.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत पहिला असतो. हंगेरियन स्वयंपाकात मांस, कांदा आणि डुकराची चरबी यांचा वापर बराच आहे. बेकरीच्या साध्या दिसणाऱ्या पदार्थांतही चरबी अथवा अंडे असू शकते. तेव्हा तीन शब्द पाठ करावेत: 'हूश' म्हणजे मांस, 'तोयाश' म्हणजे अंडे आणि 'झीर' म्हणजे चरबी. त्यांच्यापुढे 'नेलक्यूल' जोडले, की 'त्याशिवाय' असा अर्थ होतो. रस्त्यावर मिळणारी लांगोश नावाची तळलेली मोठी पुरी लोकप्रिय आहे. तथापि तिच्यावर लसणाचे पाणी लावतात, पिठात कधी बटाटाही असतो, आणि ती कशात तळली आहे हेही विचारावे लागते. आम्ही दशम्या, खाकरे आणि मेतकूट नेले होते. १८९७ मध्ये बांधलेल्या मोठ्या मंडईत द्राक्षे, अलुबुखार आणि अक्रोड उत्तम मिळाले. शहरात शाकाहारी उपाहारगृहेही आहेत. सप्टेंबरअखेर तेथे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो, त्यामुळे वहिनींचा चौविहार निर्वेध पार पडला. डिसेंबरात मात्र चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. हा नियम पाळणाऱ्यांनी ऋतूचा विचार करूनच तिकिटे काढावीत.

शेवटी बँकेतील एक नियम व्यापारी बंधूंसमोर ठेवतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीने रजेवर पाठवले जाते. त्या काळात त्याने प्रत्यक्ष किंवा दूरस्थपणे कामात लक्ष घालायचे नसते. यामागचा हेतू दक्षतेचा आहे. एक माणूस रोज त्याच खुर्चीवर बसला, की त्या खुर्चीचे गुणदोष दिसेनासे होतात. तो दूर गेला, की काम कोठे अडते, कोणाला काय येते आणि काय लपून राहिले आहे, हे आपोआप उघड होते.

दुकानाचा मालक हाही संवेदनशील पदावरचाच माणूस. त्याने वर्षातून काही दिवस दूर राहणे, म्हणजे दुकानाची परीक्षा आहे आणि पुढच्या पिढीचीही. उधारीची वही मुलाला वाचता येते का, व्यापाऱ्यांची देणी वेळेवर जातात का, बस्ता बांधताना त्याची जीभ गोड राहते का, हे मालक गादीवर असेतोवर कळत नाही. मुलाने विचारलेच नाही, तर मन थोडे दुखते. ते दुखणे सोसण्याची तयारीही या तरतुदीत धरावी लागते.

त्यासाठी बुडापेस्टच गाठले पाहिजे असे नाही. वर्षाच्या आरंभी एक छोटी रक्कम 'मालकाची विश्रांती' या नावाने बाजूला काढावी आणि ती दुसऱ्या कोणत्याही खात्यात वळवू नये. मार्चअखेर, लग्नसराई आणि सणांचे आठवडे टाळून दोन दिवस निश्चित करावेत आणि ते घरात सर्वांना सांगून टाकावेत. अण्णांचे गुडघे दोन दिवसांत बरे झाले नाहीत; होणारही नव्हते. परत आल्यापासून मात्र बुधवारी दुपारनंतर गादीवर पुतण्या बसतो आणि बुधवारचा हिशेब अण्णा गुरुवारी सकाळी पाहतात. पुढच्या वर्षीची तारीख त्यांनी अजून ठरवलेली नाही. वाचकांनी त्यांच्यासाठी थांबू नये. या वर्षीच्या दिनदर्शिकेत अजून बरेच शनिवार-रविवार शिल्लक आहेत.